चौदसीला जेवणारे जोतीरामतात्या

जोतीराम वरपे सैन्यातून नायक या हुद्द्यावरून निवृत्त झाले. हवालदार त्यांना गावानं केलं. कोल्हापूरहून येताना उचगाव ओलांडलं की डाव्या हाताला आमची मळेवाडी लागते. तिथं बसमधून उतरून 'हवालदारांचं घर' विचारलं तर लहान मूलही दाखवतं. 'जोतीराम वरपे' विचारलं तर पोस्टमनसुद्धा क्षणभर थांबतो.

सतरा वर्षं त्यांनी लंगरात, म्हणजे जवानांच्या स्वयंपाकघरात काढली. शत्रू पाहिला नाही. उजव्या हाताला कोपराखाली वीतभर भाजल्याची खूण आहे. पंधरा ऑगस्टला शाळेतली मुलं ती बघून विचारायची, "तात्या, हे कुठल्या लढाईत लागलं?" तात्या खरं ते सांगायचे, "पुऱ्या तळताना." मुलं हिरमुसायची. त्यांच्या कोटावर दोन पदकं असत. एक देशाच्या स्वातंत्र्याला पंचवीस वर्षं झाली म्हणून सगळ्यांना मिळालेलं, आणि दुसरं त्यांच्या स्वतःच्या नोकरीला नऊ वर्षं झाली म्हणून. हेही ते असंच सांगत. मी शाळेत शिकवत होतो तोवर दरवर्षी त्यांना झेंडावंदनाला बोलवायचो आणि भाषण मात्र दुसऱ्या कुणाला तरी सांगायचो.

स्वयंपाकाचं त्यांचं माप एकशेवीस माणसांचं. घरात माणसं दोन. एकदा तानाबाई, म्हणजे त्यांच्या मंडळी, माहेरी शिरोळला गेल्या आणि पुराच्या पाण्यामुळं आठ दिवस तिकडंच अडकल्या. तात्यांनी स्वतःपुरती आमटी केली. ती चार घरांना तीन दिवस पुरली. परत आल्यावर तानाबाईंनी त्यांना चुलीजवळ जायची बंदी घातली. ती आजही उठलेली नाही.

पण गावात तात्यांना मान आहे तो एका दिवसामुळं. भाद्रपद वद्य चतुर्दशी.

पितृपंधरवड्यात ज्याचा मृत्यू ज्या तिथीला झाला त्या तिथीला त्याचा म्हाळ, म्हणजे श्राद्धाचं जेवण, घालायचा, हे सगळीकडचंच आहे. चतुर्दशी मात्र वेगळी ठेवलेली आहे. शस्त्रानं, अपघातानं, घातानं गेलेल्यांची ती तिथी. आमच्या वाडीत तिला नुसतं चौदस म्हणतात, आणि ती फक्त जवानांची मानतात. वाडीचे तीन जवान लढाईत गेले. एक पासष्ट साली, एक एकाहत्तर साली, आणि एक काश्मिरात, चोवीस वर्षांपूर्वी. त्या तीन घरी चौदसीला म्हाळ असतो, बाकी कुणाकडंही नसतो. उसाच्या ट्रॉलीवरून पडून गेलेल्या एका गृहस्थांना शास्त्राप्रमाणं चौदस मिळायला हवी होती. पण पडले तेव्हा ते कोणत्या अवस्थेत होते हे सगळ्यांना माहीत असल्यामुळं घरच्यांनी मुकाट्यानं सर्वपित्री अमावास्या धरली.

म्हाळाला पितर म्हणून कुणाला तरी बसवायचं असतं. त्याचे पाय धुवायचे, गंध लावायचं, पाटावर बसवून पहिलं ताट त्याला वाढायचं, शेवटी टॉवेल-टोपी द्यायची. म्हातारा गेला असेल तर म्हातारा बसवतात, सवाष्ण गेली असेल तर सवाष्ण. जवानासाठी जवान लागतो. एकोणनव्वद साली तात्या पेन्शनवर आले आणि वाडीला घरचा जवान मिळाला. त्या वर्षापासून म्हाळाला तेच बसतात, आधी दोन घरी, काश्मिरातला जवान गेल्यापासून तिन्ही घरी. ज्यांच्या जागी बसायचं त्यातल्या एकानंही तिशी ओलांडलेली नव्हती. तात्या बसू लागले तेव्हा सदतीस वर्षांचे होते, आता बहात्तर वर्षांचे आहेत. गेलेले जवान मात्र आहेत त्याच वयाचे आहेत.

ते हे काम ड्यूटीसारखं करतात. आदल्या दुपारपासून काही खात नाहीत. अकराला पहिलं घर, एकला दुसरं, तीनला तिसरं. मध्ये मारुतीच्या देवळाला अकरा फेऱ्या, पचनासाठी. कोट, पदकं, दाढी केलेली. मान खाली घालून जेवतात, बोलत नाहीत. पण पहिल्याच वर्षी एक चूक झाली.

दुसरं घर बयाबाईंचं. त्यांचे मालक एकाहत्तरच्या लढाईत गेले, तेव्हा बयाबाई अठरा वर्षांच्या होत्या. मूलबाळ नव्हतं. त्या दिराच्या घरातच राहिल्या आणि आता पुतण्या ज्ञानू त्यांना सांभाळतो. सांभाळतो चांगलं, पण मोठ्या आवाजात. तर त्या पहिल्या वर्षी बयाबाईंच्या घरी जेवता जेवता तात्या म्हणाले, "आमटीत मीठ कमी हाय."

पितरानं असं बोलायचं नसतं. पितरानं जेवायचं आणि तृप्त व्हायचं असतं. ज्ञानूच्या वडिलांच्या हातातली पळी पातेल्यात पडली. तात्यांनी नंतर मला सांगितलं, "गुरुजी, सतरा वर्षं एकशेवीस माणसांच्या आधी चाखायचं काम माझं. नोकरी सुटली, जीभ न्हाई सुटली." बयाबाई मात्र उठल्या आणि मीठ घेऊन आल्या. पुढच्या वर्षी पुन्हा मीठ कमी, तात्या पुन्हा बोलले. पस्तीस वर्षं हेच चाललं. बयाबाईंच्या हाताला मीठ नाही असं वाडीत ठरून गेलं. आणि चौदसीला बयाबाई तात्यांना 'जोतीराम, जेव' न म्हणता, नाव न घेता नुसतं 'जेवा' म्हणतात, हेही सगळ्यांना सवयीचं झालं. दुसऱ्या दिवशी पुन्हा 'जोतीराम'.

हे असं सुरळीत चाललेलं असताना आदर्श गेला.

आदर्श पिराजी मगदूमचा एकुलता एक मुलगा. चौथीला तो माझ्या वर्गात होता. रांगेत उभं राहायला त्याला सांगावं लागायचं नाही, बाकी सगळं सांगावं लागायचं. एकविसाव्या वर्षी भरती झाला. तेविसाव्या वर्षी, गेल्या वर्षीच्या श्रावणात, पंजाबातल्या एका छावणीत त्याला डेंग्यू झाला आणि सहाव्या दिवशी लष्कराच्याच दवाखान्यात तो गेला.

बातमी आली तेव्हा जवान गेला एवढंच वाडीला कळलं. ज्ञानू दूध संस्थेचा चेअरमन. त्यानं दोन तासांत कोल्हापुरातून वीस फुटी डिजिटल फलक करून आणला. 'शहीद जवान आदर्श मगदूम अमर रहे.' खाली हात जोडलेला ज्ञानू. गाडी आली तेव्हा सगळी वाडी रस्त्यावर होती, घोषणांनी घसे बसले. मग कागद आले. कागदात मृत्यूचं कारण होतं. तिसऱ्या दिवशी फलक उतरला. तो आता ज्ञानूच्या गोठ्यावर गळती अडवायला घातला आहे. कोरी बाजू वर आहे. आदर्शचा चेहरा आतल्या बाजूला, म्हशींकडं.

पहिल्या वर्षी म्हाळ घालत नाहीत. वर्षश्राद्ध झालं की घालतात, आणि पहिला म्हाळ ज्या तिथीला घातला ती तिथी कायमची. यंदा ती तिथी ठरवायची होती. पितृपंधरवडा लागायच्या आदल्या दिवशी आदर्शची आई, संयोगिता, तात्यांच्या घरी आली. चहा समोर ठेवलेला तसाच राहिला.

"तात्या, आदर्शचा म्हाळ चौदसीला घालतो म्हणतोय. तुम्ही बसशीला?"

तात्यांनी विचारलं, "तिथी कुठली त्याची?"

"षष्ठी."

"मग षष्ठी हाय की."

"षष्ठीला वाडीत सात घरांत म्हाळ हाय. सगळी खोकून गेल्याली म्हातारी. त्यात माझं पोरगं बसवू? तेवीस वर्षाचं?"

तानाबाई आतून म्हणाल्या, "खरं हाय तिचं. म्हाताऱ्यांच्या पंगतीत पोराच्या ताटाकडं कोण बघतंय? ती बसणार दातं नसल्याली, भात कालवत."

"त्याची माणसं चौदसीला हाईत," संयोगिता म्हणाली. "त्याला त्याच्या माणसांत बसवायचा हाय. एवढंच."

त्या संध्याकाळी तात्या माझ्याकडं आले. माझ्याकडं पंचांग असतं म्हणून लोक येतात.

"चौदसीला कोण कोण चालतंय ते वाचा."

मी वाचलं. शस्त्रानं गेलेले, पाण्यात बुडालेले, आगीत सापडलेले, उंचावरून पडलेले, विषानं, सर्पदंशानं गेलेले.

"डास?"

"डासाचा उल्लेख नाही."

"पण सापाचा हाय."

"सापाचा आहे."

"विंचवाचा?"

"विषारी दंश म्हणून धरायला हरकत नाही."

"मग डास काय करतोय? चुंबा घेतोय?"

मी पंचांग मिटलं. गणित मी चाळीस वर्षं शिकवलं, पण इतकी सरळ मांडणी फार थोड्या विद्यार्थ्यांनी केली असेल. "तात्या," मी म्हणालो, "शास्त्राची अडचण नाही. अडचण ज्ञानूची आहे."

"ते बघतो," तात्या म्हणाले.

पंचमीच्या सकाळी दूध संस्थेत बघायची वेळ आली. रांग होती. संयोगिता किटली घेऊन मध्ये उभी होती, तिच्या मागं तात्या. ज्ञानू टेबलाशी बसला होता. त्याच्या कानावर सगळं आधीच गेलं होतं.

"हवालदार, ऐकलंय ते खरं काय?"

"काय ऐकलंयस त्यावर हाय."

"डासानं मेल्याला आमच्या काकाच्या शेजारी बसवायचा? काकांच्या छातीत गोळी हाय, छातीत! डास काय शस्त्र हाय व्हय? उद्या ढेकूणबी काढशीला."

दोघं-तिघं हसले. संयोगितानं किटलीचं झाकण काढलं, पुन्हा लावलं. "राहू दे तात्या," ती म्हणाली. "उद्या षष्ठीला करतो."

"तू दूध घाल," तात्या म्हणाले. मग ज्ञानूकडं वळले. "ज्ञानू, तुझ्या काकाच्या पाटावर पस्तीस वर्षं कोण बसलंय?"

"तुम्हीच की."

"मला काय लागलंय?"

"म्हंजे?"

"लढाईत. मला काय लागलंय?"

ज्ञानूनं त्यांच्या हाताकडं बघितलं.

"पुरी!" मागून कुणीतरी ओरडलं, आणि या वेळी सगळेच हसले.

"ते येगळं," ज्ञानू म्हणाला. "तुम्ही नुसतं बसणारं."

"म्हंजे बसायला आचारी चालतोय, आणि मरायला मात्र गोळीच पायजे व्हय?"

उत्तर नसलं की ज्ञानूचा आवाज चढतो. "हे बघा हवालदार, तिच्या घरी बसायचं असंल तर खुशाल बसा. मग आमच्या घरी बसायचं न्हाई. आणि त्या दोन घरांनीबी मला शब्द दिलाय. तीन घरं का एक घर, तुमचं तुम्ही ठरवा."

"बरं," तात्या म्हणाले.

पस्तीस वर्षांचा मान त्यांनी एका शब्दात सोडला आणि घरी निघाले. दूध आणायला गेले होते ते विसरून आले म्हणून तानाबाईंनी त्यांना परत पाठवलं. पुन्हा रांगेत उभे राहिले. ज्ञानूनं दूध दिलं, त्यांनी घेतलं. कुणी कुणाकडं बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी षष्ठी. सात घरांतून वड्यांचा वास येत होता. मी मुद्दाम मगदुमांच्या दारावरून गेलो. संयोगिता उंबऱ्यात बसून साधी मेथी निवडत होती. मला बघून म्हणाली, "गेली षष्ठी." तिनं परतीची वाट बंद करून घेतली होती. आता चौदसीला तात्या आले नाहीत, तर आदर्शला अमावास्येत ढकलावं लागणार होतं. ज्यांची तिथी कुणाला आठवत नाही, त्यांच्या गर्दीत.

मधल्या आठवड्यात तात्यांना पुष्कळांनी समजावलं. तिसऱ्या घरचे तर रडकुंडीला आले होते. "तात्या, आमचं मन न्हाई हो, पण आमचं दूध त्याच संस्थेत जातंय." तात्यांनी त्यांनाच धीर दिला. ज्ञानूनं उचगावातून एक सुभेदार ठरवले. मागल्याच वर्षी निवृत्त झालेले, खरोखर गोळीबारात राहिलेले, पाच पदकांचे. शिवाय त्यांच्याकडं चारचाकी. तिन्ही घरं ते दीड तासात उरकणार होते.

"पाच पदकं?" तानाबाईंनी मला विचारलं. "मग त्यातलं एक तर जेवणाचं असंल."

तात्या मात्र त्या आठवड्यात दोनदा रिकामेच मारुतीला अकरा फेऱ्या मारून आले, हे मी बघितलं आहे.

चौदसीला अकरा वाजता ते मगदुमांच्या घरी आले. कोट, पदकं, दाढी केलेली. तानाबाई पहाटेपासूनच तिथं स्वयंपाकाला होत्या. आदर्शचा शाळेतला गुरुजी म्हणून मलाही बोलावणं होतं. पिराजी शिरोलीच्या फौंड्रीत कामाला आहे, मोजकंच बोलणारा. त्यानं तांब्या आणला, परात आणली, आणि तात्यांच्या पायांशी बसला. मग त्याचा हात थांबला. पितराचे पाय धुवायचे असतात. पण हा पितर त्याचा मुलगा होता. बापानं मुलाचे पाय कसे धुवायचे, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

"आण हिकडं," तात्या म्हणाले. तांब्या घेतला आणि स्वतःचे पाय स्वतःच धुतले. "लष्करात सगळे आपलं आपणच धुतात."

पिराजीनं डोळे पुसले आणि टॉवेल दिला.

ताट वाढलं. खीर, वडे, गवारीची भाजी, भोपळ्याची भाजी, भजी, आमटी, भात. पहिला घास पिराजी कावळ्यासाठी स्लॅबवर ठेवून आला. तात्या मान खाली घालून जेवू लागले. संयोगिता स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. पाच मिनिटं झाली, दहा झाली. ती तात्यांच्या तोंडाकडं बघत होती. तात्या पितर असले की कुठल्यातरी घरी काहीतरी बोलतात, हे तिनं लग्न होऊन आल्यापासून ऐकलं होतं. आपल्याही घरी बोलतील असं तिला वाटत होतं. पण स्वयंपाक तानाबाईंच्या देखरेखीखाली झाला होता. त्यात काही कमी असायची सोय नव्हती.

तेवढ्यात बाहेर चपलांचा आवाज झाला आणि बयाबाई आत आल्या. पदर घट्ट आवळलेला, हातात झाकलेली वाटी. आदर्श गेला तेव्हा त्या या घरी येऊन गेल्या होत्या. त्यानंतर ज्ञानूच्या घरातलं कुणी या बाजूला फिरकलं नव्हतं.

"जेवण झालं काय?"

"चाललंय, वैनी," तात्या म्हणाले.

"हे चाखा."

तात्यांनी वाटीकडं बघितलं. आमटी होती. "वैनी, मी हितं आदर्शच्या पाटावर हाय. एका पाटावर दोघांचं चालत न्हाई."

"मग दुसरा पाट मांड ग," बयाबाई संयोगिताला म्हणाल्या, अगदी स्वतःच्या घरात असल्यासारख्या.

संयोगितानं दुसरा पाट आणून पहिल्याच्या शेजारी मांडला. तात्या उठले, हातभर सरकले आणि त्या पाटावर बसले. वाटी तोंडाला लावली. खाली ठेवली.

"मीठ कमी हाय?" बयाबाईंनी विचारलं.

"कमी न्हाई," तात्या म्हणाले. "न्हाईच."

बयाबाई खाली बसल्या. "तो सुभेदार दोन वाट्या प्याला. 'एक नंबर, मावशी,' म्हणाला. 'अशी आमटी कुठंच मिळाली न्हाई,' म्हणाला. मी म्हटलं, नीट चाख बाबा. तर तिसरी वाटी मागितली."

"अळणी आमटी?" तानाबाई दारात आल्या.

"चांगला माणूस हाय. वाकडं बोलायचं न्हाई असं शिकवलंय त्याला." बयाबाईंनी पदरानं कपाळ पुसलं. "मी मुद्दाम घालत न्हाई मीठ. पस्तीस वर्षं. लगीन झालं, चाळीस दिवस घरात होते मालक. सासू-सासरे समोर, माझ्याशी बोलणार कसं? जेवताना एकच बोलायचे. मीठ कमी हाय. मग मी मीठ घेऊन त्यांच्याजवळ जायचो. तेवढंच जवळ. पुढं पुढं मीच कमी घालायला लागलो. त्यांना कळलंतं. मलाबी कळलंतं. मग गेले, ते गेलेच. आणि अठरा वर्षांनी हा जोतीराम त्यांच्या पाटावर बसून म्हणतोय, मीठ कमी हाय. मला कुणी सांगितलं न्हाई, की हा आचारी हाय म्हणून बोलला. सांगितलं असतं तरी काय फरक पडला असता?"

तात्या दुसऱ्या पाटावर ताठ बसून होते. एवढी वर्षं आपण चूक करत आलो अशी त्यांची समजूत होती. ती आता कुठं ठेवायची हे त्यांना कळत नव्हतं, असं मला दिसलं.

दारात सावली पडली. ज्ञानू उभा होता. किती वेळ उभा होता कोण जाणे. या वेळी त्याचा आवाज लहान होता. "काकी, चल. सुभेदार निघाल्यात. टॉवेल-टोपी द्यायची हाय."

"मग दे की. तुझे हात काय म्हशीनं खाल्ले?"

"काकी, लोक बघायलेत."

"बघू देत. त्यासाठीच दिवसाढवळ्या आलोय." बयाबाईंनी संयोगिताकडं हात पसरला. "मीठ आण पोरी." संयोगितानं बरणी आणली. बयाबाईंनी चिमूटभर मीठ घेतलं, सरकत पाटाजवळ गेल्या आणि वाटीत घालून बोटानं ढवळलं. "जेवा," त्या म्हणाल्या.

तात्यांनी वाटी संपवली. मग उठले, हातभर सरकले आणि आदर्शच्या पाटावर येऊन बसले.

"आणि तू उंबऱ्यात का उभा हाईस?" बयाबाई ज्ञानूला म्हणाल्या. "जवानाच्या घरी चौदसीला आलं की बसायचं असतं. एवढंबी शिकवलं न्हाई काय तुला आम्ही?"

ज्ञानूनं एकदा बाहेर बघितलं. समोरच्या ओट्यावर तिघं जण त्याच्याकडंच बघत होते. पिराजीनं सतरंजीचं टोक सरळ केलं. ज्ञानूनं चपला काढल्या आणि आत येऊन भिंतीला टेकून बसला. पुढच्या वर्षी चौदसीला घरं चार, हे तेवढ्यानंच ठरलं.

संयोगिता पुढं झाली. बयाबाईंना मिळालं ते तिलाही हवं होतं, पण मागायचं कसं हे कळत नव्हतं. शेवटी विचारलंच. "तात्या, आदर्शला काय कमी वाटलं?"

तात्यांनी विचार केला. खोटं बोलायची त्यांना सवय नाही. "पोरी, ह्या वयाची पोरं मी सतरा वर्षं जेवू घातली. रोज एकशेवीस. मीठ कमी, तिखट जास्त, असलं म्हातारी बोलत्यात, न्हाईतर लगीन झाल्याली. तेवीसचं पोरगं काय बोलत न्हाई."

"मग काय करतंय?"

तात्यांचं ताट जवळजवळ रिकामं झालं होतं. बहात्तर वर्षांच्या माणसाला पुरेल त्यापेक्षा जास्त ते जेवले होते. त्यांनी दोन्ही हातांनी ताट उचललं आणि मान वर न करता पुढं धरलं.

संयोगितानं वडे वाढले, भात वाढला, खीर वाढली. हात आखडता घेतला नाही. तात्या जेवले. कोटाचं खालचं बटण त्यांनी सोडलं. ताट रिकामं झालं आणि त्यांनी ते पुन्हा पुढं धरलं. तानाबाई काहीतरी बोलायला पुढं आल्या, नवऱ्याकडं बघितलं आणि तशाच आत गेल्या.

संयोगितानं मग पातेलंच उचलून आणलं आणि ती त्यांच्यासमोर मांडी घालून बसली.